हवेवर कोणी जगत नाही

दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे दिल्लीचा हवा गुणवत्ता निर्देशांक ४०० ची रेषा ओलांडतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तक्त्यात त्या रकान्याचे नाव ‘गंभीर’ असे आहे. त्याच सुमारास समाजमाध्यमांवर एक यादी फिरू लागते: घरातील हवा शुद्ध करणारी दहा झाडे. यादीच्या माथ्यावर ‘नासाने सिद्ध केलेले’ असा शिक्का असतो. मनी प्लांट, स्नेक प्लांट, अरेका पाम ही त्या यादीतील जुनी मंडळी. अलीकडे त्यांच्या पंक्तीला एक नवे पाहुणे येऊन बसले आहे, ते म्हणजे एअर प्लांट. काचेच्या गोळ्यात किंवा तारेच्या झुल्यात ठेवलेली, मुळे नसल्यासारखी दिसणारी ही रुपेरी वनस्पती विकताना चार वाक्ये हमखास लिहिली जातात. तिला माती लागत नाही. ती केवळ हवेवर जगते, म्हणून तिची निगा राखावी लागत नाही. ती हवा शुद्ध करते. ती रात्रीही ऑक्सिजन देते.

या चारपैकी पहिले वाक्य खरे आहे. उरलेली तीन खोटी आहेत, आणि ती खोटी आहेत हे कळण्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही; अकरावी-बारावीचे रसायनशास्त्र आणि कागद-पेन्सिल पुरते. एका शोभेच्या झाडासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. खटाटोप झाडासाठी नाही. ज्या देशात कोट्यवधी लोक विषारी हवेत श्वास घेतात, त्या देशात हवेविषयीचे खोटे विज्ञान निरुपद्रवी असू शकत नाही, एवढ्यासाठी तो आहे.

आधी ही वनस्पती कोण, ते पाहावे. एअर प्लांट या नावाने विकल्या जाणाऱ्या बहुतेक वनस्पती टिलँडसिया या प्रजातीतल्या. तिच्यात साडेसहाशेहून अधिक जाती आहेत आणि त्या अमेरिकेच्या दक्षिण राज्यांपासून अर्जेंटिनापर्यंत पसरल्या आहेत. तिचे कुल अननसाचे. म्हणजे पोर्तुगीजांच्या जहाजांतून भारतात आलेला आणि आज कोकणापासून त्रिपुरापर्यंत पिकणारा अननस हा तिचा लांबचा भाऊबंद. टिलँडसियाच्या अनेक जाती दुसऱ्या झाडाच्या फांदीवर किंवा खडकावर बसून वाढतात. मराठीत अशा प्रत्येक झाडाला सरसकट ‘बांडगूळ’ म्हणण्याची सवय आहे, पण तो अन्याय होय. बांडगूळ आपली शोषक मुळे यजमानाच्या अंगात खुपसून त्याचे पाणी आणि क्षार ओढते. टिलँडसिया फांदीचा उपयोग केवळ बसण्यापुरता करते. तिच्यातून काही घेत नाही. अशा वनस्पतींना अपिवनस्पती म्हणतात.

मग ती खाते काय? ‘हवा’ हे उत्तर ऐकायला गोड आहे, पण त्यात नवल काहीच नाही. कारण त्या अर्थाने प्रत्येक झाड हवाच खाते. फान हेल्मोंट या फ्लेमिश वैद्याने सतराव्या शतकात २०० पौंड वाळवलेल्या मातीत विलोचे रोप लावले आणि पाच वर्षे त्याला केवळ पाणी घातले. झाडाचे वजन सुमारे १६४ पौंडांनी वाढले, माती मात्र दोनच औंसांनी घटली. १६४८ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, हा वृत्तान्त छापला गेला. झाड पाण्यापासून बनते असा निष्कर्ष त्याने काढला. तो अर्धाच बरोबर होता, कारण हवेतील कार्बन डायऑक्साइडचा विचार त्याने केला नव्हता. वडाचा अजस्र बुंधा असो की गव्हाची लोंबी, त्यांच्या कोरड्या वजनातला जवळजवळ सगळा कार्बन हवेतूनच येतो. टिलँडसिया या बाबतीत वडापेक्षा तसूभरही वेगळी नाही.

वेगळेपण आहे ते पाणी आणि क्षार मिळवण्याच्या पद्धतीत. इतर झाडे ते मुळांनी मातीतून घेतात. टिलँडसिया पानांवरील सूक्ष्म, छत्रीसारख्या खवल्यांनी घेते. पान कोरडे असते तेव्हा या खवल्यांच्या कडा वर उचललेल्या असतात आणि त्या प्रकाश परावर्तित करतात. रुपेरी झाक त्यामुळेच दिसते. पाऊस किंवा दव पडले, की खवले पाणी शोषून पानाला चिकटतात, केशाकर्षणाने पाण्याचा पातळ थर पानभर पसरतो आणि त्या वाटेने पाणी आत जाते. त्याच पाण्यात विरघळलेली धूळ, नायट्रेट, अमोनियम, पोटॅशियम यांवर तिचे पोषण होते. ‘ती हवेतून नायट्रोजन घेते’ हे जाहिरातीतले वाक्यही तपासून पाहावे. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण त्याच्या रेणूतील तिहेरी बंध तोडण्याचे सामर्थ्य कोणत्याही वनस्पतीत स्वतःचे असे नाही. ते काही जीवाणूंत आहे. टिलँडसियाला नायट्रोजन पावसाबरोबर, धुळीबरोबर किंवा माणसाने दिलेल्या खताबरोबरच मिळतो. ‘हवेवर जगणारी’ हे नाव म्हणजे एका उपाशी झाडाच्या उपासाला दिलेले गोंडस विशेषण आहे.

आता ऑक्सिजनचा हिशेब. झाड वर्षाकाठी निव्वळ किती ऑक्सिजन देते, हे मोजायला कोणतेही उपकरण लागत नाही. जेवढा कार्बन झाडाच्या अंगात साठतो, त्याच्या प्रमाणातच निव्वळ ऑक्सिजन बाहेर पडतो. बाकीचा झाड स्वतःच श्वसनात खर्च करते. तळहातावर मावणारी टिलँडसिया अत्यंत सावकाश वाढते. समजा, वर्षभरात तिच्या कोरड्या वजनात एक ग्रॅमची भर पडली. त्यातला कार्बन सुमारे ०.४५ ग्रॅम. कार्बनच्या १२ ग्रॅममागे ऑक्सिजन ३२ ग्रॅम, म्हणून १.२ ग्रॅम ऑक्सिजन; म्हणजे खोलीच्या तापमानाला एक लिटरहूनही थोडा कमी. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला सुमारे पाव लिटर ऑक्सिजन वापरतो. तेव्हा त्या वनस्पतीने वर्षभर खपून दिलेला ऑक्सिजन घरच्या एका माणसाला चार मिनिटेही पुरत नाही. एक ग्रॅमऐवजी दहा ग्रॅम वाढ धरली, तरी चाळीस मिनिटे. आणि ज्या दिवशी ती वनस्पती कुजते, त्या दिवसापासून तेवढाच ऑक्सिजन परत घेऊ लागते.

शिवाय ज्या दुखण्यावर हा उपाय सांगितला जातो, ते दुखणेच मुळात नाही. बारा फूट लांब, बारा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीत सुमारे ४० घनमीटर हवा असते. त्यात ऑक्सिजन ८,४०० लिटरच्या आसपास. एका माणसाने दारे-खिडक्या अगदी हवाबंद करून त्यात दहा तास झोप काढली, तरी सुमारे १५० लिटर ऑक्सिजन खर्च होतो, म्हणजे दोन टक्क्यांहून कमी. तेवढ्याच वेळात कार्बन डायऑक्साइड मात्र दशलक्ष भागांत तीन हजार भागांनी वाढतो. बाहेरच्या हवेत तो सुमारे ४२० असतो. सकाळी डोके जड होते त्याची कारणे शोधायची, तर ती या वायूत आणि उष्ण, दमट, कोंडलेल्या हवेत शोधावीत. त्यावर उपाय खिडकी उघडणे हा आहे, आणि तो कोणत्याही रोपवाटिकेत विकत मिळत नाही.

‘रात्रीही ऑक्सिजन’ हा दावा तर अर्धवट वाचनाचा नमुना आहे. निवडुंग, स्नेक प्लांट, अननस आणि टिलँडसिया यांच्यात ‘कॅम’ नावाची चयापचयाची पद्धत असते. दिवसा पर्णरंध्रे उघडली तर पाणी उडून जाईल, म्हणून या वनस्पती ती रात्री उघडतात, कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींत साठवतात. दिवसा रंध्रे मिटून, साठवलेला वायू आतल्या आत मोकळा करून सूर्यप्रकाशात साखर बनवतात. यातला ‘रात्री कार्बन डायऑक्साइड घेतात’ एवढाच तुकडा कोणीतरी उचलला आणि त्याला शेपूट म्हणून ‘आणि ऑक्सिजन देतात’ हे जोडून दिले. पण प्रकाशसंश्लेषणातला ऑक्सिजन येतो पाण्याच्या रेणूच्या विघटनातून, आणि त्या विघटनाला लागणारी ऊर्जा प्रकाशाची असते. अंधारात तो कारखाना बंद असतो. रात्री ही वनस्पती, घरातल्या माणसांप्रमाणेच, श्वसनासाठी ऑक्सिजन वापरते. प्रमाण नगण्य, पण दिशा उलटी.

आता त्या नासाच्या शिक्क्याकडे वळावे. १९८९ मध्ये बी. सी. वोल्व्हर्टन आणि सहकाऱ्यांनी अंतराळयानातील बंदिस्त हवेच्या संदर्भात एक अहवाल लिहिला. लहान, सीलबंद पारदर्शक पेट्यांत झाडे ठेवून बेंझीन, ट्रायक्लोरोएथिलीन आणि फॉर्माल्डिहाइड या वायूंचे प्रमाण किती घटते, हे त्यांनी मोजले. काम प्रामाणिक होते. त्याचा अर्थ मात्र पुढे बाजाराने लावला. तीन गोष्टी त्या अहवालाचा हवाला देणारे सांगत नाहीत. एक, घर ही सीलबंद पेटी नसते. तिथे दाराच्या फटीतूनही हवा सतत बदलत असते. दोन, त्या प्रयोगांत कुंडीतली माती, मुळांभोवतीचे सूक्ष्मजीव आणि काही मांडण्यांत पंख्याने हवा खेचणारा सक्रिय कोळशाचा थर यांचा वाटा मोठा होता. तीन, तपासलेल्या झाडांत टिलँडसिया नव्हतीच. आणि ती असती तरी काय? जिला कुंडी नाही, माती नाही, मातीतले सूक्ष्मजीव नाहीत, तिच्याकडे त्या प्रयोगातली मुख्य यंत्रणाच नाही. ‘माती लागत नाही’ हे एअर प्लांटचे एकमेव खरे वाक्य तिच्याच शुद्धीकरणाच्या दाव्याचा पाया काढून घेते.

पेटीतले आकडे खोलीत आणून पाहण्याचे काम अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या ब्रायन कमिंग्ज आणि मायकेल वेरिंग यांनी केले. त्यांचा आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. आधीच्या १२ अभ्यासांतील १९६ प्रयोगांचे निष्कर्ष त्यांनी एकाच मापात बसवले. ते माप म्हणजे एका तासात किती घनमीटर हवा पूर्ण स्वच्छ झाल्यासारखा परिणाम होतो. एका झाडामागे मध्यक आला ०.०२३ घनमीटर. वर सांगितलेल्या खोलीतली ४० घनमीटर हवा साधारण तासाला एकदा आपोआप बदलते असे धरले, तर झाडांनी केवळ तेवढीच कामगिरी करायची म्हटली तरी ४० भागिले ०.०२३, म्हणजे सुमारे १,७४० झाडे लागतील. त्या खोलीत मग माणसाला जागा उरणार नाही. हवा शुद्ध करणारे साधे घरगुती यंत्र ताशी २५० घनमीटर हवा स्वच्छ करते असे मानले, तर त्याची बरोबरी करायला दहा हजारांहून अधिक झाडे हवीत. आणि हा सगळा हिशेब सेंद्रिय बाष्पांचा आहे. भारतीय शहरांचा मुख्य शत्रू असलेले पीएम २.५ कण त्यात धरलेलेच नाहीत.

या भ्रमाला भारतात प्रतिष्ठा मिळाली ती २००९ च्या एका गाजलेल्या टेड व्याख्यानाने. नवी दिल्लीतील पहाडपूर बिझनेस सेंटरचे कमल मीत्तल यांनी त्यात अरेका पाम, स्नेक प्लांट आणि मनी प्लांट या तिघांच्या बळावर ‘ताजी हवा उगवता येते’ असे मांडले. त्यांच्याच शब्दांतील आकडे असे: ५०,००० चौरस फुटांची इमारत, ३०० माणसे आणि १,२०० हून अधिक झाडे. चौरस मीटरमध्ये मांडले, तर एका चौरस मीटरला झाडे सुमारे ०.२६. ड्रेक्सेलच्या आढाव्यानुसार, झाडांनी नुसत्या वायुवीजनाची बरोबरी करायची असेल तर एका चौरस मीटरला १० ते १,००० झाडे लागतात. दोन्ही आकड्यांतील अंतर किमान जवळजवळ चाळीस पटींचे आहे. मीत्तल यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. दिल्लीच्या हवेने स्वतः आजारी पडल्यावर ते या शोधाला लागले होते. पण चांगला हेतू भागाकार बदलू शकत नाही.

यावर एक शहाणा आक्षेप घेतला जातो, आणि त्याचे उत्तर द्यायलाच हवे. टिलँडसियाची ‘स्पॅनिश मॉस’ नावाने ओळखली जाणारी जात (ती स्पॅनिशही नाही आणि शेवाळही नाही) हवेतील पारा आणि जड धातू शोषते, आणि शास्त्रज्ञ तिचा प्रदूषण मोजण्यासाठी उपयोग करतात, हे खरे आहे. मुळे जमिनीत नसल्याने तिच्या अंगातले धातू हवेतूनच आले असे खात्रीने म्हणता येते, हाच तिचा मोजमापातला गुण. परंतु मोजणे आणि दूर करणे या भिन्न क्रिया आहेत. काखेत धरलेला तापमापकही अंगातून थोडी उष्णता घेतो, म्हणूनच तो ताप दाखवू शकतो. त्याने ताप उतरतो असे कोणी समजत नाही. ज्या प्रबंधांत टिलँडसिया साक्षीदार म्हणून उभी आहे, ते प्रबंध तिला वैद्य ठरवण्यासाठी उद्धृत करणे ही वैज्ञानिक अफरातफर आहे.

‘पण काहीशे रुपयांची हौस, कोणाचे काय बिघडले?’ हा शेवटचा आणि सर्वांत लोकप्रिय बचाव. बिघडते ते असे.

पहिली हानी लक्षाची. भारतातील घरांतल्या हवेचा खरा अभ्यास पेट्यांत झाला नाही, चुलीपुढे झाला. कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी गुजरातमधील खेड्यांत, स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या श्वासाच्या पातळीवर धूर मोजला. तिथून सुरू झालेल्या संशोधनाने घरातला धूर हा जगातील मोठ्या आरोग्यसंकटांत गणला गेला. २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेच्या मागे त्या ज्ञानाचे बळ आहे. शहरी घरांतही स्रोत ओळखीचेच आहेत: फोडणीचा धूर, अगरबत्ती, डासांची कॉइल. एक कॉइल जळताना निघणाऱ्या पीएम २.५ चे वजन ७५ ते १३७ सिगारेटींएवढे भरते, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. शोभेच्या झाडाखाली कॉइल पेटवून निर्धास्त झोपणाऱ्या कुटुंबाला त्या झाडाने काय दिले? हवा नाही दिली, बेसावधपणा दिला. आणि त्या घरात दम्याचे मूल असेल, तर त्या बेसावधपणाची किंमत ते मूल मोजते.

दुसरी हानी जबाबदारीची. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये जाहीर झाला. पीएम २.५ साठी भारताचे वार्षिक मानक घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे २०२१ चे मार्गदर्शक मूल्य ५ आहे. दिल्लीची वार्षिक सरासरी १०० च्या घरात राहत आली आहे. ही दरी वाहनांचा धूर, वीजकेंद्रे, वीटभट्ट्या, बांधकामाची धूळ, शेतातले जाळ आणि कचऱ्याच्या आगी यांवर नियंत्रण आणूनच भरता येईल. ते काम शासनाचे आणि उद्योगांचे आहे. ‘घरात झाड लावा’ हा सल्ला सार्वजनिक अपयशाला खासगी खरेदीच्या यादीत ढकलतो. नागरिक मग प्रश्न विचारायचा सोडून कुंडी निवडू लागतो. हवा शुद्ध करणारी यंत्रेही या टीकेतून सुटत नाहीत. ती काम करतात हे खरे, पण ज्याच्याकडे पैसा आणि अखंड वीज आहे त्याच्याच खोलीत. रस्त्यावर हातगाडी लावणाऱ्याची हवा कोणत्याही खोलीत मावत नाही.

तिसरी हानी खुद्द त्या वनस्पतीची. ‘निगा नको’ हे वाक्य तिच्यासाठी मृत्युपत्र ठरते. तिच्या गरजा अगदी साध्या आहेत, पण त्या आहेत, आणि प्रत्येकीमागे भौतिकशास्त्र आहे. हवेची शोषणशक्ती बाष्पदाबाच्या तुटीने मोजतात. २० अंश सेल्सिअस आणि ९० टक्के आर्द्रता असलेल्या मेघवनात ही तूट सुमारे ०.२३ किलोपास्कल असते. २४ अंशांवर ठेवलेल्या, ४५ टक्के आर्द्रतेच्या वातानुकूलित खोलीत ती १.६ होते. मे महिन्यातल्या नागपूर किंवा दिल्लीत, ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रतेला, ती ६.५ च्या पुढे जाते. मेघवनाच्या जवळजवळ तीस पट कोरड्या त्या हवेत ‘अधूनमधून फवारा’ कसा पुरणार? आठवड्यातून एकदा वीस-तीस मिनिटे पाण्यात बुडवून ठेवणे, आणि कडक उन्हाळ्यात दोनदा, ही तिची किमान मागणी आहे.

बुडवण्याइतकेच सुकवणेही महत्त्वाचे. कार्बन डायऑक्साइडचे विसरण हवेपेक्षा पाण्यात सुमारे दहा हजार पट मंद असते. पान ओले राहिले तर त्यावरचा पाण्याचा थर झाकणासारखे काम करतो आणि वनस्पतीचा वायू अडतो. ती रंध्रे रात्री उघडते हे लक्षात घेतले, की पाणी सकाळी द्यावे हे ओघाने आले. संध्याकाळी भिजवलेली टिलँडसिया त्या रात्री उपाशी झोपते. भिजवल्यावर तिला उलटे धरून हलके झटकावे आणि चारेक तासांत ती पूर्ण सुकेल अशा वाऱ्यावर ठेवावे. पानांच्या बेचक्यात साचलेले पाणी तिला आतून कुजवते. कोकणात किंवा केरळात जुलै-ऑगस्टमध्ये हवाच ओली असते. तेव्हा बुडवणे कमी करून वारा वाढवावा लागतो. आणि म्हणूनच जाहिरातीत सर्वांत देखणा दिसणारा बंद काचेचा गोळा ही तिची शवपेटी आहे. त्यात वारा नाही, उन्हात ठेवला तर उष्णता अडकते, आणि आत घातलेले ओले शेवाळ तळ कुजवते. लाकडाचा ओंडका, बुचाची साल, नारळाची करवंटी किंवा उघडी तारेची चौकट यांवर, खिडकीजवळच्या लख्ख पण सौम्य उजेडात ती सुखाने राहते.

पाण्याची निवडही विचारपूर्वक हवी. कूपनलिकेच्या जड पाण्यातले कॅल्शियमचे क्षार खवल्यांवर बसून त्यांची तोंडे बुजवतात. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी झाडांना घालण्याची काटकसर अनेक घरांत असते. पण त्यात क्षार एकवटलेले असतात, म्हणून टिलँडसियासाठी ते वर्ज्य. पावसाचे पाणी सर्वोत्तम. तांबे हे तर तिचे विष: खवले जे मिळेल ते शोषतात, तांबेही. म्हणून तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेले पाणी, तांब्याची शोभिवंत तार, मोरचुदापासून बनवलेली बुरशीनाशके आणि वातानुकूलन यंत्राच्या तांब्याच्या नळ्यांवरून ठिबकणारे पाणी, हे सगळे टाळावे. एवढे केले, तर ती काही वर्षांनी फुलते. पाने लालसर होतात, जांभळी नळीसारखी फुले येतात. एक रोप एकदाच फुलते, पण सरण्यापूर्वी बाजूला पिल्ले देऊन जाते. ज्याला हे ठाऊक नाही तो फुलानंतर सुकणाऱ्या रोपाला ‘खराब माल’ समजून फेकतो, पिल्लांसकट.

या व्यापाराला आणखी एक टोक आहे, दूर ग्वाटेमालात आणि मेक्सिकोत. टिलँडसिया झेरोग्राफिका ही रुंद, कुरळ्या पानांची जात सजावटकारांची लाडकी. रानातून ती इतकी ओरबाडली गेली, की वन्य जीव आणि वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या ‘साइटीस’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात तिचे नाव घालावे लागले. रोपवाटिकेत वाढवलेली रोपे कायदेशीरपणे विकता येतात, पण सीमा ओलांडताना त्यांच्याबरोबर कागदपत्रे लागतात. घेणाऱ्याने ‘हे रोप कुठून आले?’ हा एक प्रश्न विचारला, तरी तो हवा शुद्ध करण्याच्या बढाईपेक्षा पर्यावरणाला अधिक उपयोगी पडेल.

आणि ‘हवेवर जगणाऱ्या’ वनस्पतीचे नवल पाहायला समुद्र ओलांडण्याचीही गरज नाही. बिहूच्या नाचात आसामी तरुणी केसांत माळतात ते कपौ फूल अपिवनस्पतीचेच, एका ऑर्किडचे. पूर्वोत्तर भारतातील निळी वांडा इतकी खुडली गेली, की तिला वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच द्यावे लागले. सह्याद्रीच्या फांद्यांवर पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यात ऑर्किडांचे घोस लोंबतात. त्या रानातून उपटून घरी आणायच्या नाहीत. जिथे आहेत तिथे जाऊन पाहायच्या. पाहताना त्यांची मुळे हवेतले दव कशी टिपतात, हे समजून घ्यायचे. त्या समजण्यात जो आनंद आहे, त्याला कोणत्याही उपयुक्ततेची टेकू लागत नाही.

खरे तर मुद्दा इथेच येऊन थांबतो. टिलँडसिया घरात ठेवण्यात काहीही चूक नाही. ती सुंदर आहे, उत्क्रांतीने घडवलेले एक विलक्षण यंत्र आहे, आणि मुलांना कॅम चयापचय शिकवण्यासाठी तिच्याइतके सोपे साधन क्वचित सापडेल. तिला ‘शुद्धीकरण यंत्र’ म्हणणे हा तिचाच अपमान आहे. सौंदर्य पुरेसे नाही, काहीतरी फायदा चिकटवल्याशिवाय वस्तू खपणार नाही, असे मानणारा बाजार आणि त्याच्या जाहिरातीला ‘विज्ञानवार्ता’ म्हणून पुढे ढकलणारा वाचक, या दोघांनी मिळून हा अपमान केला आहे.

राज्यघटनेच्या ५१ अ कलमात वैज्ञानिक दृष्टिकोन विकसित करणे हे १९७६ पासून प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून लिहिलेले आहे. ते पार पाडण्यासाठी मोठ्या सभा लागत नाहीत. पुढच्या दिवाळीत ती दहा झाडांची यादी पुन्हा येईल. तेव्हा विद्यार्थ्यांनी पाठवणाऱ्याशी भांडत बसू नये. खोलीची लांबी, रुंदी, उंची विचारावी, गुणाकार करावा, ०.०२३ ने भागावे, आणि आलेला आकडा तेवढा उत्तरादाखल पाठवून द्यावा. मग खिडकीपाशी जाऊन, सकाळी भिजवलेली टिलँडसिया नीट सुकली आहे ना, ते पाहावे.